१९११ घ्यायचं, पण ४५ नको: ९ एमएम की ३८ सुपर?

१९११, म्हणजे अमेरिकी सैन्याचं ते जुनं पिस्तूल, हातात धरून आवडलं नाही असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. अडतं ते काडतुसापाशी. टेक्सासमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून वर्षाकाठी दोघं-तिघं तरी हाच प्रश्न घेऊन येतात: पिस्तूल जुन्या घाटाचं, पोलादी, एकेरी रांगेच्या मॅगझीनचं हवं, पण ४५ नको. मग ९ एमएम घ्यावं की ३८ सुपर? (ही तिन्ही काडतुसांची नावं.) मी दोन्ही बाळगली आहेत. तीन वर्षं सुपर, त्यानंतर आजपर्यंत ९ एमएम. तेव्हा जे सांगतो ते अनुभवाचं आहे, मोजमापाचं नाही.

४५ का नको, यात फार वेळ घालवत नाही. जॉन ब्राउनिंगने हे पिस्तूल त्याच गोळीसाठी घडवलं आणि १९११ ते १९८५ अमेरिकी सैन्याने ते तसंच वापरलं, हे खरं. पण २३० ग्रेन वजनाची ती गोळी शंभर वेळा झाडल्यावर माझं मनगट दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर बोलायला लागतं, आणि काडतुसांचा खर्चही चटकन वाढतो. ज्यांना ४५च हवं त्यांच्याशी माझा वाद नाही.

‘१९११ मध्ये दुसरं काडतूस म्हणजे भ्रष्टाकार’ असं रेंजवरचे, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागेतले, काही जुने लोक म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. सुपर १९२९ पासून आहे. मोटारीच्या पत्र्यातून आणि त्या काळच्या चिलखती जाकिटांतून गोळी पार व्हावी, म्हणून पोलिसांना ते हवंसं वाटलं, गुन्हेगारांनाही तेवढंच. आमच्या सॅन अँटोनिओतला हायमन लेबमन नावाचा खोगिरांचा आणि बंदुकांचा कारागीर सुपरची पिस्तुलं स्वयंचलित करून द्यायचा, आणि त्यातली काही बँका लुटणाऱ्या डिलिंजरच्या टोळीपर्यंत पोचली. १९११ मधल्या ९ एमएमची गोष्ट धाकटी असली तरी उपरी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याला अधिकाऱ्यांसाठी हलकं ९ एमएम पिस्तूल हवं होतं. त्यासाठी कोल्ट कंपनीने ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं, सव्वाचार इंच नळीचं ‘कमांडर’ नावाचं १९११ तयार केलं. सैन्याने ते घेतलं नाही, पण १९५० पासून ते बाजारात मिळू लागलं. म्हणजे कमांडरचा जन्मच मुळी ९ एमएमच्या मागणीतून झाला.

आता हातातला फरक. दोन्हींच्या गोळीची जाडी जवळपास सारखीच, फरक पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, लांबीत: ९ एमएमची १९ मिलिमीटर, सुपरची २३ च्या आत-बाहेर. ती जास्तीची जागा दारूची, त्यामुळे सुपर जोरदार. पण पूर्ण पोलादी १९११ अकराशे ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि एवढं वजन दोन्हींचा धक्का बराचसा गिळून टाकतं. मला जाणवला तो फरक आवाजाचा. सुपरचा आवाज कोरडा, चाबकासारखा, आणि बंद रेंजवर शेजारच्या खणातला माणूस हमखास वळून बघतो. ९ एमएम या वजनात इतकं मऊ चालतं, की नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी उठते आणि स्वतःच जागेवर परत येऊन बसते. माझ्या बायकोचे हात लहान आहेत आणि ४५ची स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तिला ओढवत नाही. ९ एमएममध्ये स्प्रिंग हलकी बसते, तिने पहिल्याच दिवशी सहज ओढली. घरात पिस्तूल एकच आणि नेमबाज दोन असतील, तर एवढ्यावरच निर्णय व्हायला हरकत नाही.

सुपरच्या बाजूने एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण ती खरी आहे. सुपरचं काडतूस लांबीला जवळपास ४५ एवढंच. म्हणजे पिस्तुलाचं पोट, मॅगझीनची खोली, वर सरकण्याचा मार्ग, सगळं त्याच्या मापाचं. ९ एमएम या घरात भाडेकरूसारखं राहतं. मॅगझीनचा डबा लांब आणि काडतूस आखूड, म्हणून आत पुढे किंवा मागे एक आड घालून जागा भरून काढतात. हे आड कुठे आणि कसं बसवलं आहे, यावर बरंच अवलंबून असतं. माझ्या पहिल्या दोन मॅगझीनांपैकी एकात दुसरं-तिसरं काडतूस नाक खाली घालायचं आणि स्लाइड अर्ध्यात अडायची. सहा आठवडे मी पिस्तुलाला दोष देत होतो. शेवटी रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या पिशवीतलं मॅगझीन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, हे लावून बघ. त्या दिवसापासून अडलेलं नाही. सुपरमध्ये तीन वर्षांत असा प्रसंग मला आठवत नाही.

जुनं सुपर घेणार असाल तर एक पाहून घ्या. या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते, आणि जुन्या नळ्यांमध्ये काडतूस त्या कडेवर टेकून बसायचं. त्यामुळे नेम विखुरतो, अशी त्या पिस्तुलांची ख्याती झाली. नंतरच्या नळ्यांमध्ये ते पुंगळीच्या तोंडावर टेकतं आणि नेम एकदम सुधारतो. नळी बदललेली आहे का, हे विकणाऱ्याला विचारायला संकोच करू नका.

एवढं सगळं सुपरच्या बाजूने असताना मी ते का सोडलं? पुंगळ्यांमुळे.

माझ्या भागात सुपरचा पन्नासचा डबा ९ एमएमच्या दुप्पट-अडीचपट भावाने मिळतो, तोही मिळाला तर. दुकानात ९ एमएमचं अख्खं कपाट असतं आणि सुपरचे दोन डबे खालच्या फळीवर. त्यामुळे सुपर बाळगणारा माणूस आज ना उद्या रीलोडिंगला लागतो: रिकामी पुंगळी घरी आणायची, बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. काम छान आहे, मला आवडतं. पण त्यासाठी पुंगळी परत मिळायला हवी. पिस्तूल ती उजवीकडे पाच-सहा फूट भिरकावतं, आणि रेंजच्या जमिनीवर इतरांच्या ९ एमएमच्या शेकडो पुंगळ्या आधीच पडलेल्या असतात. रंग तोच, जाडी जवळपास तीच, लांबी चार मिलिमीटरने कमी. उभ्याने बघितलं तर काही कळत नाही. म्हणून वाकायचं, गुडघ्यावर बसायचं, चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचा आणि तांदूळ निवडावेत तशा एक-एक पुंगळ्या निवडायच्या. नेमबाज उभे राहतात त्या रेषेच्या पुढे गेलेली तर आपली नाहीच, तिकडे हात घालायला मनाई असते.

काही महिन्यांनी लक्षात आलं की मी नेमाकडे कमी आणि पुंगळी कुठे पडली तिकडे जास्त बघतोय. गोळी सुटली की नजर उजवीकडे. याने नेमबाजी बिघडते, माझी बिघडली. चाप ओढल्यावर माशीवर नजर ठेवायची सवय मोडली, ती परत लावायला वेळ लागला. पन्नास झाडल्या की बेचाळीस परत मिळाल्या, आठ गेल्या, असा हिशेब घरी येईपर्यंत डोक्यात चालायचा. एकदा निवडताना ९ एमएमची एक पुंगळी माझ्या डब्यात आली. रीलोडिंगच्या यंत्रात आखूड पुंगळीचं तोंड उघडलंच नाही आणि गोळी तिरकी बसली. दिसली म्हणून बरं. त्या दिवसापासून निवडलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा निवडू लागलो. बायकोचा आक्षेप वेगळाच होता आणि तो रास्त होता: बंद रेंजच्या जमिनीवर शिशाची धूळ असते, आणि मी दर शनिवारी तिथे गुडघे टेकून येत होतो.

९ एमएमने हे सगळं एका झटक्यात संपवलं. पुंगळी पडली, पडू दे. नजर समोर. शनिवारी दीडशे गोळ्या झाडतो आणि केरसुणीने सगळं एका कोपऱ्यात लोटून घरी येतो. २०२० च्या टंचाईत ९ एमएमही मिळेनासं झालं होतं, हे कबूल करतो. पण साधारण दिवसांत कुठल्याही गावाच्या दुकानात ते असतं, आणि सराव करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही असं माझं मत झालं आहे.

तुमचं वेगळं होऊ शकतं. स्वतःची जमीन असेल, उघड्यावर नेमबाजी करत असाल, किंवा स्पर्धेत जोरदार काडतुसाला जास्त गुण मिळणाऱ्या गटात उतरायचं असेल, तर सुपरचा विचार जरूर करा. माझं सुपर मी अशाच एका मित्राला दिलं. तो शेतावर ताडपत्री अंथरून वर उभा राहतो आणि शेवटी चारी टोकं उचलतो. त्याची एकही पुंगळी हरवत नाही.

९ एमएम ठरलंच तर दोन-तीन गोष्टी. नळी पाच इंची घ्या. आखूड नळीत स्लाइडला मागे जायला जागा कमी, आणि ९ एमएमला त्यात घोळ करायला कारण मिळतं. मॅगझीन एकाच ठिकाणची चार घेऊ नका, दोन वेगवेगळ्या ठिकाणची दोन-दोन घ्या, पाठीवर नंबर घाला आणि कुठलं अडतं ते लिहून ठेवा. मॅगझीनमध्ये नऊ-दहाच मावतात, त्यामुळे कॅलिफोर्नियासारख्या दहाची मर्यादा असलेल्या राज्यांतल्या मंडळींचं काही अडत नाही. आणि एच-१बी वर असाल तर आधी वकिलाला विचारा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने त्या व्हिसावर शस्त्र बाळगायला मुळात बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते ऐकीव माहितीवर वापरू नका. भारतात परत जाताना पिस्तूल नेता येईल का, असंही काही जण विचारतात. तिकडे ९ एमएम नागरिकांसाठी निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या मापांत, मोडतं, तेव्हा तो विचार या खरेदीत धरू नका.

मित्राच्या शेतावर मी वर्षातून दोनदा जातो आणि ते जुनं सुपर हातात घेतो. पहिल्या गोळीचा तो कोरडा आवाज अजून तितकाच आवडतो. आणि गोळी सुटली की नजर अजून उजवीकडे जाते, खाली ताडपत्री असूनही.