कॅम्डन मार्केट, लंडन: जा, पण विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा

लंडनला कोणी पाहुणे आले की मी त्यांना कॅम्डनला घेऊन जातेच. पहिल्यांदा गेले तेव्हा शिकत होते, खिशात मोजके पाउंड, आणि कॅम्डन लॉकच्या, म्हणजे मार्केटच्या कालव्याकाठच्या भागाच्या, आतल्या चौकात एक बाई चामड्याच्या वह्या शिवत बसल्या होत्या, मी एक उचलली तर म्हणाल्या थांब, तिची शेवटची शिवण राहिलीय, आणि माझ्यासमोर मेण लावलेला दोरा ओवून ती घातली, वर पानं संपली की नवीन कशी शिवायची तेही दाखवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे, दोनदा पानं बदलून झाली. तेव्हा हा रिव्ह्यू अगदी तटस्थ नाहीये, आधीच सांगते.

मागच्या महिन्यात मावसबहीण आली होती. त्या बाई कुठे बसायच्या ते दाखवायला गेले तर तिथे मोबाइलची कव्हरं. ठीक आहे, इतक्या वर्षांत माणसं जागा सोडतातच. पण पुढे फिरत गेलो तसं लक्षात आलं की तीच कव्हरं, त्याच कापडी पिशव्या, तेच फ्रिजला लावायचे मॅग्नेट, टी-शर्टवर तीच चित्रं, चार-पाच स्टॉल झाले की परत पहिल्यापासून सुरू. बहिणीने एक पिशवी घेतली, 'हँडमेड आहे' असं सांगितलं म्हणून, आणि बाहेर पडून इन्व्हर्नेस स्ट्रीटला आलो तर हुबेहूब तीच पिशवी, आतल्या खिशाची तिरकी गेलेली शिवणसुद्धा तीच, आणि आठ पाउंडांनी स्वस्त. तिचं तोंड एवढंसं झालं, आणि मला वाईट वाटलं कारण तिला तिथे नेणारी मीच. हा इन्व्हर्नेस स्ट्रीट पूर्वी भाजी-फळांचा बाजार होता बरं का, आजूबाजूला राहणारे लोक आठवड्याची भाजी तिथून न्यायचे. आता सगळा टुरिस्टचा माल.

म्हणून माझं सांगणं एवढंच की काही आवडलं तर किंमत विचारायच्या आधी विचारा, हे तुम्ही स्वतः बनवलंय का? ज्याने बनवलंय तो थांबतच नाही, कुठलं चामडं, कुठली शाई, किती वेळ लागला, हात कुठे भाजला सगळं सांगतो. ज्याने ठोक माल आणलाय तो 'हो हो हँडमेड' म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्याच्यावर माझा राग नाही, त्यालाही पोट आहे आणि भाडं भरायचंय, पण आपले पैसे कुठे जातात ते आपल्याला कळायला हवं.

आणि भाड्याचीच तर सगळी गोष्ट आहे. हे मार्केट १९७४ मध्ये सुरू झालं ते फक्त १६ स्टॉलवर, कालव्याकाठच्या एका जुन्या लाकडाच्या वखारीत. ह्या भागातून मोठा मोटरवे काढायचा घाट होता, त्यामुळे इथे पैसा घालायला कोणी धजत नव्हतं, जागा स्वस्तात मिळत होत्या. म्हणून दागिने घडवणारे, मातीची भांडी करणारे, जुने कपडे विकणारे असे लोक इथे आले, ज्यांना दुसरीकडे परवडलंच नसतं. जवळच्या रेल्वेच्या जुन्या इमारतीत द क्लॅशसारखा बँड सरावाला यायचा. मोटरवे काही झाला नाही, पण तोवर मार्केटचं नाव झालेलं. १९९१ मध्ये तीन मजली मार्केट हॉल उभा राहिला, २०१४ पासून इथले बरेचसे तुकडे एकाच मालकाकडे गेले, आणि २०२२ मध्ये सगळं मिळून दीड अब्ज पाउंडांना विकायला काढल्याच्या बातम्या होत्या. आता ज्या जागेची किंमत अशी बोलली जाते तिथे दिवसाला दोन वह्या शिवणाऱ्या बाईंचं भाडं निघणार कसं, सांगा.

तरी जाऊ नका असं मी म्हणणार नाही. स्टेबल्स मार्केटचा विटांचा भाग बघाच, रेल्वेचा माल ओढणाऱ्या घोड्यांचे ते तबेले, घोड्यांचं हॉस्पिटलसुद्धा तिथेच होतं. ती घडण मला फार आवडते. तिथेच तरुणपणीच गेलेल्या गायिका एमी वाइनहाउसचा पुतळा आहे, २०१४ चा, लोक तिच्या हातात आपल्या बांगड्या-बँड घालून जातात, ते बघून दर वेळी गलबलतं. जुने कपडे आणि जुन्या रेकॉर्ड घ्यायच्या असतील तर आतल्या गल्ल्यांत अजून चांगला माल मिळतो, वेळ काढून चाळावं लागतं फक्त. आणि लॉकपाशी, म्हणजे कालव्यात बोटी वर-खाली करायच्या दरवाज्यांपाशी, थोडं थांबा, बोट आली की दरवाजे अजूनही हातानेच उघडतात, माणूस त्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलतो, त्याचे पैसे लागत नाहीत.

खाण्याचे स्टॉल चिक्कार आहेत, बरे आहेत, महाग आहेत.

शक्यतो आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी जा आणि कॅम्डन टाउनऐवजी चॉक फार्म स्टेशनला उतरा, गर्दी कमी लागते आणि वाटेत राउंडहाउस दिसतं. १८४७ मध्ये रेल्वेची इंजिनं वळवायला बांधलेली ती गोल इमारत, आता तिथे कार्यक्रम होतात आणि तरुण मुलांसाठी स्टुडिओ आहेत. कॅम्डनचं नवं काही उगवत असेल तर ते बहुतेक तिथे उगवत असेल, मॅग्नेटच्या स्टॉलवर नाही.

माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार. दोनच देणार होते. पण निघता निघता मार्केट हॉलच्या वरच्या मजल्यावर एक मुलगा लिनोच्या मऊ तक्त्यावर कोरून चित्रं छापत बसलेला दिसला, बहिणीने जरा बिचकतच विचारलं की हे तूच केलंस का, तर त्याने बोटं दाखवली, सगळी काळी. लॉकच्या दरवाज्यांचं चित्र तिला आवडलं, तो म्हणाला ते देतो पण शाई ओली आहे, अर्धा तास थांबावं लागेल. आम्ही थांबलो.