इको साउंडर: नागपुरात आठ महिने वापरल्यानंतर

नोव्हेंबर ते जून, २०० किलोहर्ट्झचा हा इको साउंडर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची खोली सांगणारं मशीन, अंबाझरी तलावाच्या पाण्यावर चालवला. मशीन पक्कं आहे, घ्यायला हरकत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: ते खोली मोजत नाही, आवाज तळाला जाऊन यायला लागलेला वेळ मोजतं. खोली निघते ती गृहीत धरलेल्या वेगावरून, आणि घोळ तिथेच होतो.

नव्या मशीनमध्ये क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण, हजारात किती) ३५ लावलेली असते, म्हणजे समुद्राची. पाणी ३० अंश असेल तर समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे १५४५ मीटर जातो, तलावात १५०९. म्हणून ५ मीटरवरची वस्तू ५.१२ दाखवते. आधी क्षारता शून्य करा. वेग हाताने टाकायचा असेल तर पाणी २० अंशांवर असताना १४८२, मे महिन्यात ३२ अंशांना १५१४.

तरी खात्री प्लेटनेच करा. फूटभर लोखंडी प्लेट स्टीलच्या तारेला टांगून सेन्सरच्या बरोबर खाली २ आणि ५ मीटरवर सोडायची. दोरी नको, सुती भिजली की आखडते, नायलॉनची ताणते. मग तारेची लांबी आणि मशीनचा आकडा ताडून बघा. दोन्ही खोल्यांवर सारखाच फरक आला, तर सेन्सर पाण्यात किती बुडालाय तो आकडा चुकलाय. खोलीबरोबर फरक वाढत गेला, तर वेग चुकलाय. बरेच जण वेगाची चूक सेन्सर किती बुडालाय त्या आकड्यात मुरवतात. २ मीटरला मेळ बसतो, ५ ला पुन्हा बिघडतो.

मे महिन्यात वारा पडलेला असेल तर दुपारी मोजू नका. वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं, आणि तापमान मोजलं जातं ते वरचं. त्यामुळे खोली किंचित जास्त येते. समुद्रात हाच प्रकार फार महागात पडतो: आवाज नेहमी कमी वेगाच्या थराकडे वळतो, त्यामुळे वरचा थर तापला की सोनारचा (आवाजाने पाण्यातल्या वस्तू शोधणाऱ्या यंत्राचा) आडवा आवाज खाली वाकतो आणि पृष्ठभागालगतची वस्तू निसटते.

गेन (परत आलेला आवाज मशीन किती वाढवून घेतं ते) कमीच ठेवा. समुद्रातलं मॅग्नेशियम सल्फेट या फ्रिक्वेन्सीचा आवाज भरपूर शोषतं. गोड्या पाण्यात तसं होत नाही, म्हणून गेन चढा असला की दुप्पट खोलीवर खोटा तळ दिसतो.

रीडिंग मधेच तुटत असेल तर सेन्सरच्या तोंडावर बुडबुडे चिकटलेत. पाण्यात सोडण्याआधी भांड्याचा लिक्विड साबण बोटाने चोळा. शेवाळ मऊ कपड्याने पुसा, ब्लेड लावू नका. उन्हात स्क्रीन काळी पडते. ओला दुपट्टा टाकून ठेवा, थंड झाली की परत दिसते.