साल्सा घरी करायचाय: मिक्सर, दोरीचा चॉपर की सुरी?

साल्सा म्हणजे मेक्सिकोचं टोमॅटोचं तोंडीलावणं. तो कच्चा हवाय की भाजलेला, ते आधी ठरवा. त्यावरून मिक्सर काढायचा की नाही हे कळतं. मेक्सिकोत कच्च्या टोमॅटोचा पिको दे गायो सुरीनेच बारीक चिरतात. भाजलेल्या किंवा उकडलेल्या टोमॅटोचा साल्सा रोहा मात्र तिथल्या घरांतूनही सर्रास ब्लेंडरमध्ये फिरवतात. आपल्याकडे गफलत होते ती कच्च्या टोमॅटोचा साल्सा चटणीसारखा वाटला की.

मिक्सर

इंदूरच्या मराठी घरात मिक्सर नाही असं सहसा होत नाही, म्हणून बहुतेकांची सुरुवात इथूनच. पण या यंत्राची मोटर रिकामी फिरताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते. नॉब एकवर ठेवून पाच सेकंद जरी फिरवलं, तरी कच्च्या टोमॅटोच्या फोडी राहत नाहीत. पात्याबरोबर हवा आत जाते, बारीक बुडबुडे गरात अडकतात आणि लाल साल्सा फिकट गुलाबी होऊन वर फेस धरतो. चव बरी लागते, पण पोत बाळाच्या सूपचा.

यावर उपाय पल्सचा. नॉब उलट्या बाजूला, म्हणजे पल्सकडे, अर्धा सेकंद दाबायचा आणि सोडायचा. पातं पूर्ण थांबल्यावरच पुन्हा. मधल्या वेळात भांडं काढून एकदा हलवलं, तर वरच्या फोडी खाली येतात. नाहीतर खाली लगदा आणि वर अख्खे तुकडे, अशी अवस्था होते.

भांडंही बघून घ्या. चारशे ग्रॅम टोमॅटोला एक लिटरचं भांडं बरं. चटणीच्या छोट्या भांड्यात ते दोन खेपांत करावं लागतं, कारण ते अर्ध्याच्या वर भरलं की वरचं हलत नाही. उलट दीड लिटरच्या भांड्यात दोनच टोमॅटो टाकले, तर ते पात्याने भिंतीवर उडतात आणि तिथेच चिकटून बसतात. बाटली उलटी लावायच्या छोट्या ब्लेंडरमध्ये वेगळा पल्स नसला, तरी दाबून लगेच सोडलं की तेच काम होतं.

दोरीचा चॉपर

दोन-चारशे रुपयांचं हे प्लास्टिकचं खेळणं कच्च्या साल्साला मिक्सरपेक्षा सरस आहे. पातं हाताच्या वेगाने फिरतं, त्यामुळे हवा भरत नाही आणि कुठे थांबायचं ते डोळ्यांना दिसतं. कांदा-मिरचीला आठ-दहा ओढी, मग टोमॅटो घालून चार-पाच. वीज गेली तरी अडत नाही. उणीव दोन जागी. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या पात्याला गुंडाळतात, म्हणून कोथिंबीर वेगळी चिरूनच घालावी. आणि दोरी ओली राहिली की काही महिन्यांत कुजते, तेव्हा झाकण पाण्यात बुडवून ठेवू नये, पुसून घ्यावं. मोठ्या घरासाठी मात्र भांडं लहान पडतं.

सुरी

पाहुण्यांपुढे ठेवायचा असेल तर सुरीला तोड नाही. चार टोमॅटोंना दहा-बारा मिनिटं लागतात. धार हवी, बोथट सुरी टोमॅटो कापत नाही, चेपते, आणि रस सगळा पाटावर.

हँड ब्लेंडरची काठी कच्च्यासाठी घेऊच नका, तीही फेसच करते. तिच्यासोबत वाटी-पात्याचा जोड मिळाला असेल तर तो दोरीच्या चॉपरच्या बरोबरीचा समजावा. खलबत्ता मात्र भाजलेल्याला झकास. मेक्सिकोतला तीन पायांचा मोल्काहेते हा ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा खलच आहे.

टोमॅटो कोणता

चोइथराम मंडीत असो की गल्लीतल्या ठेल्यावर, दोन प्रकार समोर येतात: गोल, आंबट, रसाळ देसी आणि लांबट, जाड गराचा हायब्रीड. मिक्सरला लांबट घ्या, त्यात पाणी कमी. सुरीला देसी चालतो, पण थोडा चीक काढावा. सगळा काढू नका, टोमॅटोची खरी चव बियांभोवतीच्या त्या चिकात जास्त असते. पावसाळ्यात माल महाग आणि बेचव असला, की कच्च्याचा हट्ट सोडून भाजलेला करावा. आच लागली की पाणी आटतं आणि गोडी वर येते.

प्रमाण (दोन मोठ्या वाट्या)

टोमॅटो चार मध्यम, म्हणजे साधारण 400 ग्रॅम, लहान कांदा एक, लसणाची एक पाकळी, पातळ तिखट हिरवी मिरची एक, मूठभर कोथिंबीर, लिंबाचा रस दोन चमचे, मीठ पाऊण चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड पाव चमचा. आपली पातळ मिरची मेक्सिकोतल्या जाड हालापेन्यो मिरचीपेक्षा बरीच तिखट असते, पण तिला तो रसरशीतपणा नाही. पाव ढोबळी मिरची जोडीला चिरून घातली की ती कसर निघते. लिंबू आपलं कागदीच घ्या. मेक्सिकोत वापरतात ते छोटं लिंबूही याच जातीचं. रस गाळून घ्यावा, कारण मिक्सरमध्ये एक जरी बी वाटली गेली तरी सगळा साल्सा कडू होतो.

जिऱ्याऐवजी जीरावन, म्हणजे इंदुरी पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला, घातलं तर चव थेट मालव्यात येते. फक्त त्यात मीठ आणि आमचूर आधीच असतं. अर्धा चमचा जीरावन घातलं, तर मीठ अर्ध्यावर आणि लिंबू एक चमच्यावर आणा.

कच्चा करताना मिक्सरमध्ये लसूण-मिरची आधी, तीन पल्स. मग चौकोनी फोडी केलेला टोमॅटो, तीन किंवा चार पल्स, बस. कांदा भांड्यात घालूच नका. त्याच्या पेशी जितक्या फुटतात तितका उग्रपणा वाढतो, आणि अर्ध्या तासात टोमॅटोची चव त्याखाली दडपून जाते. सुरीने चिरून, गार पाण्यातून काढून, निथळून मिसळावा. मीठ अगदी शेवटी.

भाजलेल्यासाठी टोमॅटो, मिरची, न सोललेला लसूण आणि कांद्याची जाड चकती जाळीवर किंवा लोखंडी तव्यावर ठेवा. लसूण चार-पाच मिनिटांत होतो, टोमॅटोला आठ-दहा लागतात. साल जागोजागी काळी पडली पाहिजे. मग पूर्ण गार होऊ द्या. गरम माल बंद भांड्यात फिरवला की वाफेने झाकण उडतं आणि तिखट रस थेट डोळ्यांत जातो. गार झाल्यावर एक नंबरवर दहा सेकंद. इथे मिक्सरला पर्याय शोधायची गरजच नाही, पोत थोडा गुळगुळीत झाला तरी तो शोभतो. काळी साल सगळी सोलू नका, निम्मी राहू द्या.

बिघडलं तर

पातळ झाला तर चाळणीत दहा मिनिटं निथळा. खाली जमलेलं पाणी वरणात जाऊ द्या. फेसाळ गुलाबी झाला तर चमचाभर तेलात चार मिनिटं परता. फेस बसतो, रंग परततो आणि तो शिजवलेला साल्सा म्हणून खपतो. तिखट जास्त झाला तर आणखी एक टोमॅटो घाला, पाणी नको. आंबट बोचत असेल तर चिमूटभर साखर.

आमचा कौल असा: फक्त मिक्सर असेल तर भाजलेला करा, कच्च्याचीच हौस असेल तर दोरीचा चॉपर घ्या. खास साल्सासाठी नवा ब्लेंडर घेण्यात अर्थ नाही.

कच्चा साल्सा त्याच दिवशी खावा, भाजलेला फ्रिजमध्ये काचेच्या बरणीत तीन दिवस राहतो. मे महिन्यात पारा चाळिशीवर असताना टेबलावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. बरणीत भरून महिनोन्‌महिने बाहेर ठेवायचा हा पदार्थ नाही. यात लोणच्याइतकं मीठही नाही आणि तेवढं तेलही नाही.