बाळंतविड्यासाठी अदलाबदलीच्या गोल सुया: संच घ्यावा का?

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की बारशापर्यंत हाताशी अडीच-तीन महिने उरतात. तेवढ्यात टोपडं, मोजे, स्वेटर आणि दुपटं पुरं करायचं, आणि नोकरी, स्वयंपाक, मुलांची शाळा सांभाळून विणायला रोज जेमतेम अर्धा तास मिळणार. अशा विणणारीने टोकं (म्हणजे विणायच्या आखूड सुया) आणि त्यांना जोडणारी लवचिक वायर वेगळी होणारा गोल सुयांचा संच घ्यावा का? घ्यावा. फक्त पैसे देण्याआधी सर्वांत बारीक टोक किती मिलिमीटरचं आहे ते बघावं.

बहुतेक मोठ्या संचांत सर्वांत बारीक टोक ३.५ मिमीचं असतं. आपल्याकडे बाळाच्या बारीक लोकरीला पूर्वीपासून १० किंवा ११ नंबरच्या सुया वापरतात, म्हणजे ३.२५ आणि ३ मिमी. जुन्या हिशेबात नंबर वाढला की सुई बारीक होते, मिमीच्या हिशेबात उलट, आणि इथेच खरेदीत गफलत होते. ३.५ वर विणलेलं टोपडं सैल, जाळीदार दिसतं आणि दोन धुण्यांत कानांवरून उतरतं. त्यामुळे ३ मिमीपासून सुरू होणारा संच शोधा, नाहीतर त्याच कंपनीची ३ आणि ३.२५ ची टोकं सुटी घ्या. कंपनी तीच हवी, कारण एका कंपनीचे आटे दुसरीच्या वायरीला बसतीलच असं नाही.

संचातली सर्वांत कामाची वस्तू दिसायला सर्वांत क्षुल्लक आहे: वायरीच्या टोकांना लावायची छोटी बुचं. दुपटं अर्ध्यावर असताना टोपड्याची घाई आली, तर दुपट्याची टोकं काढायची, वायरीला दोन्हीकडे बुचं लावायची आणि मोकळी झालेली टोकं दुसऱ्या वायरीवर चढवायची. टाके वायरीवर सुरक्षित राहतात. वायर टोकापेक्षा बारीक असल्यामुळे महिनाभर पडून राहिलं तरी थांबलेल्या ओळीत टाके ताणून मोठे होत नाहीत. सरळ सुईवर ठेवलेल्या कामात मात्र तिथे हमखास आडवी रेघ उमटते. बुचाला कागदाची चिठ्ठी बांधून टोकाचा आकार आणि ओळ क्रमांक लिहून ठेवा. ३.७५ च्या जागी ४ लागलं की पुढचा भाग रुंद होत जातो, आणि ते बोटभर विणून झाल्यावरच लक्षात येतं.

कोणतं काम कधी घ्यायचं हे टाक्यांच्या हिशेबाने ठरवा. ३.२५ मिमीवर १० सेंमीत २७-२८ टाके येत असतील तर नवजात बाळाच्या टोपड्याला ८८ टाके घाला. दोन सुलट-दोन उलटची किनार धरून १० सेंमी टाके न घटवता विणा. मग अकरा-अकरा टाक्यांचे आठ भाग करून प्रत्येक भागाचे शेवटचे दोन टाके एकत्र विणा, आणि हे एका फेरीआड करा. दहा वेळा कमी केलं की आठ टाके उरतात. त्यांतून धागा ओढून घट्ट बांधा. सगळे मिळून सुमारे ४,००० टाके होतात. मिनिटाला २५ टाक्यांचा हात असेल तर पावणेतीन तास, म्हणजे सहा दिवसांचं काम. आता ७५ सेंमीचं चौकोनी दुपटं बघा: ४ मिमी, १० सेंमीत २२ टाके आणि ३० ओळी. १६५ टाके गुणिले २२५ ओळी, म्हणजे ३७,००० च्या वर. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पन्नास बैठका! डोहाळजेवणाच्या आठवड्यात दुपटं सुरू केलं तरच ते बारशाला पोचतं. आठवा महिना निम्मा सरला असेल तर टोपडं आणि मोजेच द्या.

दुपटं घरी १०० सेंमीच्या वायरीवर ठेवा. वजन मांडीवर राहतं, मनगटांवर येत नाही. टोपडं पिशवीत. गोल सुईमुळे लोकलमध्ये शेजारणीला कोपर लागत नाही आणि सुई सुटून बाकाखाली गडगडत नाही. स्टेशन आलं म्हणून ओळीच्या मध्येच थांबावं लागलं, तर पुन्हा उघडताना गुंड्याकडे जाणारा धागा ज्या टाक्याला आहे तो उजव्या हातात धरा. हे चुकलं की उलट दिशेने विणलं जातं आणि मध्ये भोक पडतं.

टोपडं गोल विणायला ४० सेंमीची सुई लागते, पण नेहमीच्या लांबीच्या टोकांवर ती बनत नाही. ८० किंवा १०० ची वायर घेऊन टाके दोन भागांत वाटा आणि मधून वायरीचा फास बाहेर काढा. दोन भागांच्या सांध्यावर शिडीसारखी सैल रेघ पडते. प्रत्येक भागाचे पहिले दोन टाके ओढून घट्ट विणा. लांबीबद्दल आणखी एक: पाकिटावरचे ८० सेंमी बऱ्याचदा टोकांसकट असतात, नुसती वायर ५६ च्या आसपास भरते.

खरी दुखणी दोन. पहिलं, आटे सैल होणं. टोक नुसतं हाताने फिरवून भागत नाही. संचातली छोटी पिन जोडाच्या भोकात घालून वायर धरायची आणि दुसऱ्या हाताने रबराच्या तुकड्यात टोक पकडून पिळायचं. तरी पंधरा-वीस ओळींनी बोट फिरवून बघा; फट पडली की लोकर अडकते आणि एकदम टोक निघून दहा-बारा टाके गळतात. त्याच भोकातून सुती दोरा ओवून एक ओळ विणली तर दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो. पुढे उसवायची वेळ आली तर उसवणं त्या ओळीवर थांबतं. जाळीच्या नक्षीत दर दहा ओळींनी हा दोरा घालाच.

दुसरं, वायरीचा पीळ. गरम पाण्यात मिनिटभर बुडवून, सरळ ताणून थंड होऊ द्या.

टोकं लाकडी की धातूची? ॲक्रिलिक बेबी लोकर धातूवर फार सरकते. गाडीच्या धक्क्यात लाकडी बरी, घरी वेग हवा असेल तर धातूची. संचाची किंमत सरळ सुयांच्या जोडीच्या कितीतरी पट असते, त्यामुळे वर्षाला एखादंच टोपडं विणणाऱ्यांनी ३.२५ मिमीची, ८० सेंमीची एक अखंड गोल सुई घ्यावी. बाकीच्यांनी संचाबरोबर एक जादा १०० ची वायर आणि बुचांच्या दोन जोड्या त्याच वेळी मागवाव्यात.