मानव विकासची सायकल: आठवी ते बारावीच्या मुलींसाठी योजना कशी आहे, सायकल कोणती घ्यावी

मराठवाडा-विदर्भातल्या कित्येक गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच असते. आठवीसाठी तीन-चार किलोमीटर चालायचं. मुलगा कुणाच्याही गाडीवर बसून जातो. मुलीच्या वेळी मात्र "सोबत कोण?" हा प्रश्न निघतो; आई सोबत गेली तर तिची मजुरी बुडते. मग मुलगी धाकट्यांना सांभाळत घरी राहते आणि दोन वर्षांत स्थळं यायला लागतात.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची सायकल नेमकी इथे उपयोगी पडते. राज्यातल्या 125 तालुक्यांत, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी एकदाच 5,000 रुपये मिळतात. 2022 पूर्वी 3,500 मिळायचे. बिहारने 2006 मध्ये अशीच योजना आणली, तेव्हा लांबच्या गावांतल्या मुलींची हायस्कुलातली संख्या ठळकपणे वाढली.

योजनेला पाचपैकी साडेतीन गुण. खटकतो तो हप्ता: आधी 3,500 आणि पावती दाखवल्यावर 1,500. रोजंदारीवरच्या घरानं मधले पैसे आणायचे कुठून? दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा आणि पावती मुलीच्याच नावाची घ्या.

सायकल लेडीजच घ्या, बिनगिअरची. या किमतीतले गिअर लवकर बिघडतात आणि गावात ते नीट करणारा मिळत नाही. पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच, नाहीतर ओढणी अडकते. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. सीटची उंची त्या मापानं लावा.

महिन्याभरात पेडलच्या दर फेऱ्याला 'टक्' आवाज येऊ लागला तर बहुतेक वेळा कॉटर पिन, म्हणजे पेडलचा दांडा (क्रँक) मधल्या आसाला पक्का धरणारी खीळ, सैल झालेली असते. पिन आधी हातोडीनं आत ठोकायची, मग नट आवळायचा. नुसता नट आवळला तर आटे जातात. सायकल तशीच दामटली तर क्रँकचं भोक मोठं होतं आणि क्रँकच बदलावा लागतो.

बाभळीचा काटा तर ठरलेलाच. ट्यूबला पॅच लावण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवून काटा शोधून काढा, नाहीतर शाळेत पोचेपर्यंत पुन्हा पंक्चर.

या दुरुस्तीला योजनेत पैसे नाहीत. शाळेनं पंप, पॅच, सोल्यूशन आणि पान्यांचा संच ऑफिसात ठेवावा. पंक्चर झालेली सायकल आठ-आठ दिवस भिंतीला टेकून राहते आणि तेवढे दिवस मुलीची हजेरी बुडते.