बिस्मार्क की नाना फडणीस: आघाड्यांचं राजकारण शिकायला आधी कोणतं प्रकरण घ्यावं?

आज रोज ‘क्वाड’ आणि ‘नाटो’च्या बातम्या येतात. त्या नीट कळाव्यात म्हणून इतिहासातलं एखादं प्रकरण मुळापासून अभ्यासायचं ठरवलं, तर बहुतेक जण एकोणिसाव्या शतकातला जर्मन चॅन्सेलर बिस्मार्क याच्यापासून सुरुवात सुचवतात. मराठी वाचकापुढे आणखी एक पर्याय असतो: नाना फडणीसांनी १७७९-८० मध्ये इंग्रजांविरुद्ध जुळवलेली पुणे, म्हैसूरचा हैदर अली, हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले यांची आघाडी. दोन्हींची ढोबळ माहिती असेल असं धरून थेट मुद्द्यावर येतो.

करारातली कलमं वाचायला शिकायचं असेल, तर बिस्मार्कला तोड नाही. १८७९ चा ऑस्ट्रियाशी केलेला करार घ्या. रशियानं हल्ला केला तर संपूर्ण लष्करी बळानिशी मदत. दुसऱ्या कुणी केला तर फक्त अनुकूल तटस्थता, आणि त्या दुसऱ्याला रशिया येऊन मिळाला तर पुन्हा पूर्ण मदत. मग १८ जून १८८७ चा रशियाशी केलेला तीन वर्षांचा गुप्त करार: दोघांनीही तटस्थ राहायचं, पण जर्मनीनं आपण होऊन फ्रान्सवर किंवा रशियानं ऑस्ट्रियावर चाल केली तर हे बंधन लागू नाही. दोन्ही मसुदे शेजारी ठेवून ‘हल्ला कुणी सुरू केला’ या एकाच प्रश्नावर सगळी इमारत कशी तोलली आहे ते पाहावं. ‘नाटो’चं पाचवं कलम त्यानंतर वाचलं, तर आवश्यक वाटेल ती कृती ठरवण्याची मोकळीक त्यात प्रत्येक सदस्याला किती आहे, हे चटकन लक्षात येतं.

पैशाच्या हत्याराचा धडाही इथे आहे. त्या गुप्त करारानंतर पाचच महिन्यांत, नोव्हेंबर १८८७ मध्ये, रशियन रोखे तारण ठेवून कर्ज द्यायला राइश्सबँकेला, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेला, मनाई झाली. रशियानं कर्जासाठी पॅरिस गाठलं. १८९० मध्ये बिस्मार्क पायउतार झाला, रशिया तयार असूनही बर्लिननं कराराचं नूतनीकरण केलं नाही, आणि १८९४ पर्यंत फ्रान्स-रशिया युती पक्की झाली. आर्थिक निर्बंधांवर बोलणाऱ्या प्रत्येकानं हा क्रम तारखांसकट पाठ करावा.

तरीही एक गोष्ट मला सतत खटकत राहते, आणि माझा कौल तिनंच फिरवला. या मालिकेतला एकही करार बिस्मार्कच्या कारकिर्दीत युद्धाच्या कसोटीला लागला नाही. १८७९ ते १८९० या काळात मदतीचं कलम लागू करावं लागेल असं युद्धच झालं नाही. ऑस्ट्रिया संकटात असताना जर्मन फौजा खरंच हलल्या असत्या का? रशिया तटस्थ राहिला असता का? उत्तर मिळत नाही. मग वाचणारे उडी मारतात थेट १९१४ च्या महायुद्धावर. पण तोवर माणसं बदललेली, रशियाशी असलेला करार मोडीत निघालेला. बिस्मार्कनं युतीत घेतलेली इटली १९१४ मध्ये बाजूला राहिली, यावरून बिस्मार्कच्या रचनेबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. मित्रपक्ष ऐन वेळी कसे वागतात, हाच तर आपला प्रश्न असतो, आणि नेमकं तेच या प्रकरणात अंदाजावर सोडावं लागतं.

नानांच्या आघाडीत मात्र दोन वर्षांच्या आत प्रत्येक गडी कसोटीला लागला. कामाची वाटणी स्पष्ट होती: हैदरनं कर्नाटकातून मद्रासवर, भोसल्यांनी बंगालवर, निजामानं उत्तर सरकारांवर (आंध्रच्या किनारपट्टीवरचा इंग्रजांचा मुलूख) जायचं आणि पुणेकरांनी, शिंदे-होळकरांसह, मुंबई आणि गुजरातकडून येणाऱ्या इंग्रजांना तोंड द्यायचं. हैदरला सोबत घेण्याची किंमतही पुण्यानं मोजली. कृष्णेच्या दक्षिणेला त्यानं घेतलेला मुलूख त्याच्याकडे राहू द्यायचं ठरलं. १७७७ मध्येच कोन्हेरराव पटवर्धन हैदरशी लढताना पडले होते. त्या पटवर्धनांना हे पचवायला सांगणं सोपं नव्हतं.

पुढे इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जनं एकेका गड्याला वेगवेगळं औषध दिलं. निजामाचा राग होता गुंटूरवर: त्याचा भाऊ बसालतजंग याच्याकडून मद्रासच्या इंग्रजांनी ते परस्पर घेतलं होतं. हेस्टिंग्जनं गुंटूर परत करायला लावलं आणि निजाम जागचा हलला नाही. महादजी शिंद्यांचं दुखणं माळव्यात: ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रज अधिकारी पॉपहॅमनं ग्वाल्हेर घेतलं, पुढच्या वर्षी लढाई थेट शिंद्यांच्या मुलखात आली, आणि ऑक्टोबर १७८१ मध्ये त्यांनी वेगळा समझोता केला.

भोसल्यांचं प्रकरण सगळ्यांत बारकाईनं पाहण्यासारखं आहे. नागपूरकर मुधोजी भोसल्यांचे पुत्र चिमणाबापू यांची फौज १७७९ च्या दसऱ्याच्या सुमारास नागपुराहून निघाली आणि कटकला पोचली १७८० च्या मेमध्ये. इतकी संथ चाल म्हणजेच पुण्याला दिलेलं उत्तर होतं. मुधोजींचा हेस्टिंग्जशी पत्रव्यवहार चालूच होता, पुढे रोकडही मिळाली. मग १७८१ मध्ये कर्नल पिअर्सची बंगाली पलटणं याच भोसल्यांच्या ओरिसातून मद्रासकडे गेली आणि हैदरविरुद्ध लढणाऱ्या इंग्रज सेनापती आयर कूटला मिळाली. म्हणजे मित्रपक्ष नुसता स्वस्थ बसला नाही. दुसऱ्या मित्रावर निघालेल्या शत्रूच्या कुमकेला त्यानं वाट दिली. आघाडीचा सदस्य शत्रूला न मिळताही किती नुकसान करू शकतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पुण्याचं वागणंही तपासावं. १७ मे १७८२ ला इंग्रजांशी झालेल्या सालबाईच्या तहात हैदरनं जिंकलेला मुलूख सोडावा असं कलम आलं, तेही हैदरला बाजूला ठेवून. नानांनी मंजुरी लांबवली. डिसेंबरमध्ये हैदर वारल्यावर, १७८३ च्या सुरुवातीला, ती दिली. आणि तरी आघाडी फुकट गेली असं म्हणता येत नाही. एप्रिल १७८१ मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डला बोरघाटातून पनवेलकडे माघारी जावं लागलं होतं. तहात वसई परत मिळाली, साष्टी गेली, आणि पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांचा पक्ष इंग्रजांनी सोडला. फुटलेल्या आघाडीनंही शत्रूला एकाच वेळी अनेक मोर्च्यांवर खर्च करायला लावला होता. बनारसचा राजा चेतसिंग याच्याकडे हेस्टिंग्जनं आधीच लावलेला पैशाचा तगादा त्या खर्चामुळे आणखी वाढला.

अडचण आहे ती साधनांची. बिस्मार्कचे करार छापील, तारीखवार मिळतात. इथे कलकत्त्याचे कागद एक सांगतात, पुण्याची बातमीपत्रं दुसरं, आणि दोन्हीकडे समोरच्या फौजेचे आकडे फुगलेले. शिवाय मराठी पत्रांत वर्ष बहुधा अरबी शब्दांत असतं. ‘समानीन मया व अलफ’ म्हणजे मराठी कागदांतल्या शुहूर सनाचं ११८० वं वर्ष. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं, म्हणून इसवी सन काढताना मृग ते डिसेंबर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सरसकट एकच आकडा मिळवला की पत्र एका वर्षानं सरकतं, आणि भोसल्यांची कूच व गुंटूरची परतफेड यांतलं आधी काय, नंतर काय हे उलटंपालटं होतं.

‘नाटो’सारख्या, लेखी कलमांवर उभ्या असलेल्या युतीचा अभ्यास करायचा असेल किंवा हाताशी आठवडाभरच असेल, तर बिस्मार्क घ्यावा, हे मी मोकळेपणानं म्हणेन. ‘क्वाड’चं तसं नाही. तिथे परस्पर संरक्षणाचा करारच नाही. जपान आणि ऑस्ट्रेलिया अमेरिकेशी वेगळ्या करारांनी बांधलेले, आणि चीनशी जमिनीवरची सीमा एकट्या भारताची. तिथे कलमं वाचून फार हाती लागत नाही. त्यासाठी नानांच्या आघाडीवर एक तक्ता करून पाहावा. प्रत्येक सदस्यापुढे चार रकाने: त्याची सगळ्यांत मोठी भीती कोणती, आघाडीतून त्याला काय हवं, शत्रू त्याला एकट्याला काय देऊ शकतो, आणि त्याची फौज रणांगणापासून किती महिन्यांवर आहे. निजामाच्या तिसऱ्या रकान्यात गुंटूर येतं, भोसल्यांच्या तिसऱ्यात रोकड आणि चौथ्यात कटकची ती सात महिन्यांची वाट. तक्ता भरून झाला की तेच चार रकाने दिल्ली, टोकियो, कॅनबेरा आणि वॉशिंग्टनपुढे मांडावेत. तिसऱ्या रकान्याला सगळ्यांत जास्त वेळ द्यावा.