इंटरकॉम बसवून देणाऱ्याने केलेली फसवणूक : बेळगाव भागातील घरमालकांसाठी

वडगावातील आमच्या दुमजली घरात आई-बाबा वरच्या मजल्यावर राहतात आणि दिवसभर घरी ते दोघेच असतात. जिना न उतरता फाटकावर कोण आले आहे ते दिसावे आणि वरूनच कुलूप उघडता यावे, यासाठी आम्ही व्हिडिओ डोअर फोन बसवून घेतला. विक्रेता कोल्हापूरहून माल आणून बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरोघरी बसवून देतो. त्याने दाखवलेला नमुना उत्तम होता. बसवले ते मात्र वेगळेच.

दर लावला शुद्ध तांब्याच्या वायरीचा आणि भिंतीतून ओढली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. दिवसा चित्र स्वच्छ दिसे. अंधार पडून कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की त्याला जास्त करंट लागे, आणि ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्यामुळे एवढ्या लांब वायरीत व्होल्टेज पडून पडद्यावर नुसत्या रेघा येत. ओळखीच्या वायरमनने उरलेल्या तुकड्याचे टोक ब्लेडने खरवडले, तेव्हा लालसर थर निघून आतली पांढरी तार उघडी पडली. खरे तांबे आतपर्यंत लालच असते, त्यामुळे वायर भिंतीत जाण्याआधीच ही परीक्षा समोर करून घ्यावी.

कुलपाचा प्रकार याहून गंभीर आहे. लाईट गेली तरी फाटक बंदच राहिले पाहिजे, असे आम्ही बजावून सांगितले होते, आणि त्यासाठी वीज मिळाल्यावरच उघडणारे कुलूप लागते. त्याने बसवले चुंबकीय कुलूप, जे वीज असेपर्यंतच दार धरून ठेवते. शिवाय बॅकअपचे पैसे घेऊनही डब्यात बॅटरी घातलीच नव्हती. ऐन पावसात लाईट गेली, फाटक आपोआप सुटले आणि आई घरात एकटी होती. पैशांपेक्षा मला या गोष्टीचा संताप अधिक आहे.

जाब विचारल्यावर त्याचे उत्तर होते, "साहेब, आमचं दुकान महाराष्ट्रात आहे, केस करायची तर तिकडे येऊन करा." हे खोटे आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवरही तक्रार नोंदवता येते. मात्र बिल पक्के हवे. त्यावर जीएसटी क्रमांक असावा (महाराष्ट्राचा 27 ने, कर्नाटकाचा 29 ने सुरू होतो) आणि यंत्राचा अनुक्रमांक, वायरीचा व कुलपाचा प्रकार, बॅटरी हे सारे लिहिलेले असावे. आम्हाला त्याने कोटेशनवरच "पैसे मिळाले" असे लिहून दिले होते. तरी ते कोटेशन, बँकेतून पैसे पाठवल्याची नोंद आणि तो वायरीचा तुकडा जोडून आम्ही बेळगावच्या आयोगात तक्रार करत आहोत.

या भागात ज्यांनी अशा फिरत्या विक्रेत्याकडून काम करून घेतले असेल, त्यांनी आज दिवसाउजेडी मेन स्विच बंद करून फाटक ओढून पाहावे आणि बॅटरीचा डबा उघडून पाहावा.